आत्या 'बघू' म्हणत नाही

आमची आत्या चष्म्याच्या दुकानात कारागीर आहे. तुटका चष्मा घेऊन तिच्यासमोर उभं राहिलात, तर ती हात पुढे करते आणि म्हणते, "दाखवा." दुसरं कुणीही अशा वेळी "बघू" म्हणतं. दुकानाचे मालक म्हणतात, शेजारचा घड्याळवाला म्हणतो, चष्मा घालून आरशात वाकणारं गिऱ्हाईकही म्हणतं, "आरसा जरा इकडे करा बघू." आत्या म्हणत नाही. तिला विचारलं, रविवारी जेवायला येशील का, तर ती "येते" म्हणते, नाहीतर "नाही येत." मधलं काही नाही. नव्या माणसाला ती तुसडी वाटते, आणि मालकांनी तिला दोन-तीनदा गोड बोलण्याबद्दल सुनावलंही आहे. पण ती तुसडी नाही. एके काळी हीच बाई दिवसातून शंभरदा बघू म्हणायची. शेवटचं कधी म्हणाली ते मला माहीत आहे, कारण तेव्हा मी घरातच होते.

हे सांगायचं तर आधी आमच्या घरातला बघू सांगायला हवा. त्याचा डोळ्यांशी काही संबंध नव्हता. माझे वडील, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, घरात सगळ्यांचे अण्णा. ते रुग्णालयाच्या धुलाईखात्यात मुकादम होते. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे, सगळं मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त त्यांना नाही म्हणता येत नसे. सहलीला जाऊ का? बघू. नवी सायकल? बघू. स्वयंपाकघराला रंग? बघू. त्याचा अर्थ नाही असा होतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. कुणी नाही म्हणालं तर निदान भांडता येतं. बघू म्हणणाऱ्याशी कसं भांडणार? आई म्हणायची, "तुमच्या घराण्यात नाही म्हणायची लाज वाटते सगळ्यांना. माझ्या सासऱ्यांनी हा शब्द काढला आणि लेकाने जपून ठेवला." आईचं हे बोलणं पुढे शब्दशः खरं निघालं.

आत्याचा बघू मात्र अस्सल होता. दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं काम चालायचं. काच घासायचं यंत्र, त्यावर थेंब थेंब पडणारं पाणी, बोटांना बसलेली पांढरी भुकटी, आणि डब्यांमधून ठेवलेले तिळाएवढे स्क्रू. कुणी चष्मा पुढे केला की ती "बघू" म्हणायची, आणि मग खरोखरच बघायची. स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवायची, समोरचा चष्मा नाकाशी आणायची आणि तेवढा वेळ तिच्याशी बोलून उपयोग नसायचा. दांडी वाकडी आहे की चष्मा घालणाऱ्याचा एक कानच खाली आहे, हे ती त्याच्या तोंडाकडे न बघता सांगायची. तिची पस्तिशी उलटली होती. लग्नाचं बोलणं घरात मागे पडलं होतं. आमच्या घराच्या मागच्या खोलीत ती राहायची, आमच्यातच जेवायची, आणि माझ्या अभ्यासात मधे मधे करायची.

गावाबाहेरच्या दूध कारखान्यात बाटल्या भरायची नवी यंत्रं आली, तेव्हा ती बसवून द्यायला परदेशातून एक माणूस आला. उंच, कान मोठे, स्वभावाने लाजरा. आमच्या घरात त्याचं नाव शेवटपर्यंत कुणाला नीट उच्चारता आलं नाही, म्हणून तो पाहुणाच राहिला. आईला या नावात फार मजा वाटायची, कारण पाहुणा या शब्दाचा आपल्याकडे काय काय अर्थ होतो हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या चष्म्याची दांडी जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बांधलेली होती. त्याने बोटाने दाखवलं. आत्या म्हणाली, "बघू." त्याला वाटलं, इकडे भेटल्यावर असं म्हणायचं असतं. दुसऱ्या दिवशी चष्मा न्यायला आला तो दारातूनच सगळ्यांकडे बघत, मान लववून, मोठ्याने म्हणाला, "बघू." मालक खुर्चीतून पडायचे बाकी राहिले.

त्यानंतर त्याचा चष्मा वरचेवर बिघडायला लागला. कधी नाकावरची गादी सुटायची, कधी स्क्रू हरवायचा. एका माणसाचा चष्मा इतक्या वेळा बिघडत नाही हे मालकांच्याही लक्षात आलं, पण ते समजूतदार होते. आत्या त्याला भाषा शिकवू लागली. शिकायचं ते नीट शिकायचं, ही त्याची कारागिराची सवय होती. एखादा शब्द घेतला की तो उलटासुलटा करून, कुठे बसतो आणि कुठे नाही ते विचारून मगच सोडायचा. वर्षभरात तो तोडकंमोडकं का होईना, पण सगळं बोलायला लागला.

तो घरी पहिल्यांदा चहाला आला तो प्रसंग आम्ही अजून आठवतो. चहा झाला, बिस्किटं झाली. मग त्याने पाठ करून आणलेलं वाक्य अण्णांना म्हणून दाखवलं. येत्या रविवारी तुमच्या बहिणीला धरण बघायला घेऊन जाऊ का? अण्णांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बघू." पाहुण्याचा चेहरा उजळला. हा शब्द त्याला येत होता. त्याने लगेच आपला चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी अण्णांपुढे धरला. अण्णांनी तो घेतलाही. परक्या माणसाचा चष्मा हातात धरून, त्याचं काय करायचं ते न कळून उभे असलेले अण्णा आठवले की मला आजही हसू आवरत नाही. आई तर पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात पळाली.

फाटकापर्यंत पोचवायला गेलेल्या आत्याने त्याला समजावलं. "तो बघू वेगळा. दुकानात मी बघू म्हणते तेव्हा मी बघते. अण्णा बघू म्हणाला की समजायचं, नाही. आणि एकदा बघू म्हटलं की पुन्हा विचारायचं नसतं. समोरच्याला अवघडल्यासारखं होतं." त्याने गंभीरपणे मान हलवली. "दोन बघू," तो दोन बोटं दाखवत म्हणाला. त्या रविवारी ते दोघं धरणावर गेलेच. अण्णांनी काही विचारलं नाही, कारण ते नाही म्हणालेच नव्हते.

कारखान्यातलं काम संपत आलं तेव्हा दोघांनी लग्न ठरवलं. त्याची आई म्हातारी होती, अंथरुणाला खिळलेली, म्हणून लग्न त्याच्या गावी व्हायचं होतं. तो आधी परत गेला आणि तिकडच्या नोंदणी कचेरीतून काय काय कागद लागतात ते विचारून त्याने फोनवर सांगितलं. आत्याने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "दोनच तर आहेत." जन्माचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला. मग दोन्हींचं सरकारमान्य भाषांतर. मग त्यावर मंत्रालयाचा शिक्का. मग ते सगळं घेऊन मोठ्या शहरात त्यांच्या वकिलातीच्या खिडकीवर जायचं. अट एवढीच, की अविवाहित असल्याचा दाखला तीन महिन्यांहून जुना नको. तीन महिन्यांत कुणी गुपचूप लग्न करून येईल अशी त्यांना धास्ती असावी. इतकी वर्षं जिचं लग्न झालं नाही तिच्याबद्दल ही धास्ती म्हणजे कमाल होती.

अविवाहित असल्याचा दाखला झटक्यात मिळाला. नगरपालिकेतल्या बाई आत्याकडूनच चष्मा करून घ्यायच्या. अडलं ते जन्माच्या दाखल्यात. आत्याच्या दाखल्यावर आईचं नाव होतं, वडिलांचं होतं, वजनसुद्धा होतं. बाळाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'मुलगी'. अण्णांना तो दिवस आठवत होता. ते तेव्हा चांगले शाळकरी होते आणि आजोबांबरोबर कचेरीत गेले होते. कारकुनाने विचारलं, नाव काय ठेवलं? आजोबा म्हणाले, "बघू." कारकुनाने मुलगी असं लिहून टाकलं आणि पुढे नाव घालायला त्या खिडकीवर कुणी गेलंच नाही. आईला हे कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून खाली बसली.

आता ही जी कुणी 'मुलगी' जन्मली, ती हीच बाई, असं कुणीतरी शपथेवर सांगायला हवं होतं. सख्खं नातं हवं, आणि जन्माच्या वेळी हयात असलेलं. असा माणूस जगात एकच उरला होता. आत्याने रात्रीच्या जेवणाला सगळे बसल्यावर अण्णांना सांगितलं की शपथपत्र करायला एकदा न्यायालयात यावं लागेल, अर्ध्या दिवसाचं काम आहे. अण्णांनी भात कालवला. सगळ्यांना माहीत होतं ते काय म्हणणार आहेत, आणि ते तेच म्हणाले.

मला अण्णांचा राग यायचा आणि अजूनही येतो. ते वाईट नव्हते म्हणूनच येतो. वाईट माणसाने सरळ अडवलं असतं, आणि आत्या एका रात्रीत बॅग भरून निघाली असती. अण्णांनी कधी अडवलं नाही. या आठवड्यात चादरींची मोजणी आहे. पुढच्या आठवड्यात मोठे साहेब येणार आहेत. मग त्यांना सर्दी झाली, आणि शपथ घ्यायची तर आवाज साफ हवा असं त्यांनी स्वतःच ठरवलं. आई करवादली, मी दोन दिवस बोलणं टाकलं. आत्या मात्र गप्प राहिली. अण्णांनीच तिला लहानाचं मोठं केलं होतं. त्यांना दुसऱ्यांदा विचारणं तिला जमत नव्हतं.

शेवटी अण्णा गेले, शपथपत्र झालं, पुरवणी नोंद झाली, आणि दोन्ही दाखले भाषांतराला पडले. भाषांतर करणारे गृहस्थ सेवानिवृत्त मास्तर होते. त्यांनी अतिशय सुंदर अक्षरात सगळं उतरवलं. फक्त मूळ नोंदीतलं 'मुलगी' हे त्यांना नावच वाटलं, आणि त्यांनी ते जसंच्या तसं परक्या लिपीत लिहिलं. म्हणजे तिकडच्या कागदोपत्री आमच्या आत्याचं नाव मुलगी झालं. ते दुरुस्त करून घेण्यात आणखी दिवस गेले. पाहुण्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला, की आत्याने रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि आम्हालाही ऐकू आलं. त्या दिवसापासून तो तिला मुलगी म्हणूनच हाक मारायला लागला. पस्तिशीतल्या बाईला कुणी मुलगी म्हणावं, हे तिला मनातून आवडायचं. ती रागवायची तेही आवडल्यासारखीच.

सगळे शिक्के बसल्यावर तो रजा काढून आला. येताना आपल्या परतीच्या तिकिटाबरोबर तिचंही तिकीट काढून आला होता. दोघं मोठ्या शहरात वकिलातीत गेली. पुढे काय झालं ते आत्याने मला फार नंतर सांगितलं, आणि एकदाच सांगितलं.

खिडकीच्या काचेमागे एक बाई होती. तिने कागद एकेक करून उलटले, शिक्के बघितले, मान हलवत गेली. अविवाहित असल्याच्या दाखल्यापाशी थांबली आणि म्हणाली, याची मुदत गेल्याच आठवड्यात संपली. नवीन आणावा लागेल, त्यावर नवं भाषांतर, नवा शिक्का. आणि नियम बदललेत, आता या दाखल्यालासुद्धा सख्ख्या नातेवाइकाचं शपथपत्र लागतं. म्हणजे पुन्हा अण्णा.

दोघं बाहेर येऊन रस्त्यापलीकडच्या बाकावर बसली. मग त्याने विचारलं, "मुलगी, हे सगळं परत करायचं का?" आत्याच्या हातात तो दाखला होता. तिला वाटत होतं, शिक्क्यातली तारीख पुसट आहे. ती सहा आहे की आठ? आठ निघाली तरी मुदत संपलेलीच होती, पण त्या क्षणी तिला ते सुचलं नाही. तिची नजर त्या आकड्यावर अडकली होती. तिने चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी आणला आणि म्हणाली, "बघू."

त्याने पुन्हा विचारलं नाही. तिच्या हातातून कागद हळूच घेतला, फाइलीत घातला, फाइलीची नाडी बांधली. समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले. तिला वाटलं, काय शांत माणूस आहे, एका शब्दाने त्रागा केला नाही. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत राहिला. तिला वाटलं, दमला असेल. निघायच्या दिवशी त्याने अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. अण्णाही गोंधळून गेले. मग तो गेला.

त्यानंतर तो दुकानात फोन करायचा. आईची तब्येत, यंत्रं, थंडी, चष्मा. कागदांचं एका शब्दाने विचारायचा नाही. आत्याला हायसं वाटायचं. दोनदा तिने आनंदाने सांगितलं होतं की झालं, आता सगळं झालं, आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडली होती. तिने ठरवलं, की आता सगळे शिक्के हातात पडल्याशिवाय ब्र काढायचा नाही. तो विचारत नाही, आपण सांगायचं नाही, असं दोघांचं चाललं होतं. हळूहळू फोन कमी झाले. कामात असेल, आत्या म्हणायची.

इकडे तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अर्ज, रांग, सुट्टीचा दिवस, बदलून गेलेला कारकून. अण्णांचा बघू होताच. एके संध्याकाळी मात्र आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अण्णा, तू मला नाही म्हण. एकदाच नाही म्हण. मग मी तुझ्याशी भांडेन तरी." अण्णा वर्तमानपत्राच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "तिथे तुला काही झालं, तर मी कसा पोचू गं? मला तर तिथली बससुद्धा कळायची नाही." एवढंच होतं त्यांच्या मनात. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे त्यांची समजूत घातली असती. ती त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "मी येईन ना. तू कशाला यायचं? मीच येत जाईन." दुसऱ्या दिवशी अण्णांनी न सांगता रजा टाकली आणि घडीचा शर्ट घालून तिच्या आधी न्यायालयाच्या दारात जाऊन उभे राहिले.

सगळे कागद आले. नावं बरोबर, शिक्के ठळक, तारखा ताज्या. आत्याने ते दुकानाच्या काउंटरवर ओळीने मांडले, मालकांना एकेक दाखवला, आणि मग फोन लावला. त्यानेच उचलला.

"झालं सगळं," ती म्हणाली. "आत्ता माझ्यासमोर आहेत. सगळेच्या सगळे."

"कुठले कागद?" त्याने विचारलं.

"आपले. लग्नाचे."

"पण तू बघू म्हणालीस," तो म्हणाला. "बाकावर. मी विचारलं आणि तू बघू म्हणालीस. तूच शिकवलंस, की मग पुन्हा विचारायचं नसतं."

आत्या म्हणते, तिला पहिल्यांदा तो काय म्हणतोय तेच कळलं नाही. आणि कळलं तेव्हा खुर्चीसुद्धा जवळ नव्हती. तो आणखी बोलत होता. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. त्याच्या आईला बघायला येणारी परिचारिका, चांगली बाई आहे म्हणाला. आत्याने विचारलं, "कागद झाले?"

"झाले. ती इथलीच आहे. दोन दिवसांत झाले."

"बरं झालं," आत्या म्हणाली. मग तिला काहीतरी विचारायला हवं असं वाटलं. "चष्मा कसा आहे?"

"दांडी ढिली झाली आहे."

"स्क्रू बदलून घे. नुसता आवळून टिकायचा नाही."

"हो," तो म्हणाला. "बरं, मुलगी." आणि फोन ठेवला.

मी पुढे तिच्यावर चिडले होते. तो दुकानातला बघू होता, घरातला नव्हता, हे तू त्याला सांगितलं का नाहीस? एका वाक्याचं काम होतं. आत्या काच पुसत होती. म्हणाली, "सांगून काय झालं असतं? त्या परिचारिकेने काय वाईट केलं होतं? आणि त्याला जन्मभर ते मनात घेऊन बसावं लागलं असतं. आत्ता तो समजतो की बाकावर मी नाही म्हणाले आणि मागाहून माझं मन बदललं. ते बरं." मग म्हणाली, "शिकवलं मीच. तो नीट शिकला, त्याची काय चूक. माझंच चुकलं. वाटतं रोज." इतकं मोकळं ती माझ्याशी त्याआधी आणि त्यानंतर कधी बोलली नाही.

फोन झाला त्या दिवशी घरात मात्र कुणाला काही माहीत नव्हतं. आत्या नेहमीच्या वेळेला आली, चपला काढल्या, फाइल टेबलावर ठेवली. अण्णा तिची वाटच बघत होते. त्यांनी त्या दिवशी दुपारी बाजारातून चाकांची एक मोठी बॅग आणली होती, निळी. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न मागता, कुणी न विचारता त्यांनी काही विकत आणलं होतं. बॅग बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभी होती आणि अण्णा आईला तिसऱ्यांदा दाखवत होते, की हँडल कसं वर येतं आणि चाकं कशी सगळीकडे वळतात. आई नेहमीप्रमाणे टोमणा मारायला तोंड उघडत होती, पण तिलाही कौतुक वाटत होतं.

"ही बघ," अण्णा आत्याला म्हणाले. "धुलाईखात्यातल्या पोरांनी सांगितलं, मोठीच घ्या, तिकडे थंडीचे कपडे फार लागतात. जाताना मी येतो विमानतळापर्यंत. मग कधी निघायचं?"

आत्याने बॅगेकडे बघितलं. अण्णांकडे बघितलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"बघू," ती म्हणाली, आणि आपल्या खोलीत गेली.

आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ कुणी अण्णांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी बॅगेचं हँडल हळूच खाली दाबलं आणि ती उचलून पलंगाखाली सरकवली. पुन्हा त्यांनी तिला कधी विचारलं नाही.